संथ गाडीचे सुख: वास्को ते ग्वाल्हेर

दाबोळीहून किंवा मोपाहून निघालेले विमान अडीच-पावणेतीन तासांत दिल्लीला उतरते. मडगावहून सुटणारी राजधानी कोकण रेल्वेच्या मार्गाने दिवसाहून थोडा अधिक वेळ घेते. वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्स्प्रेस मात्र निजामुद्दीनला पोहोचायला दोन रात्री आणि जवळजवळ चाळीस तास घेते. असे असूनही सुट्टीच्या दिवसांत तिचे आरक्षण मिळवणे सोपे नसते. याचे एक कारण असे की, तिच्यात बसलेल्यांपैकी अनेकांना दिल्लीला जायचेच नसते. कोणी बेळगावला उतरतो, कोणी मिरजेला, कोणी पुण्याला. मनमाड-भुसावळला डबा अर्धा रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. झाशी आणि ग्वाल्हेरच्या फलाटांवर मध्यरात्री कोणाचे तरी नातलग शाल पांघरून उभे असतात. लांब पल्ल्याची गाडी ही प्रत्यक्षात अनेक लहान प्रवासांची साखळी असते आणि संथ गाडीत ती साखळी कडी-कडीने डोळ्यांसमोर उलगडते.

गंमत अशी की, रेल्वेच्या दफ्तरी ही गाडी ‘सुपरफास्ट’ आहे. ब्रॉडगेजवर सरासरी वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असला की गाडीला ही पदवी मिळते आणि तिकिटावर अधिभारही लागतो. सुमारे २,२०० किलोमीटरच्या अंतराला साडेएकोणचाळीस तासांनी भागले तर उत्तर ५५ च्या किंचित पुढे येते. पदवी थोडक्यात वाचली म्हणायची!

गाडी हळू चालते यामागे दर ठिकाणी वेगळे कारण असते. कुठे चढ असतो, कुठे एकच रूळ, कुठे पूल, कुठे पाऊस, कुठे इंजिन बदलण्याची गरज. ज्या ज्या जागी वेग मंदावतो, त्या त्या जागी जमिनीने किंवा इतिहासाने गाडीला अडवलेले असते. संथ प्रवासाचे सुख निवांतपणात आहे, असे सहसा सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु मला त्याहून मोठे सुख वाटते ते हे की, असा प्रवास आपल्याला दोन गावांमधला मुलूख दाखवतो, आणि तो तसाच का आहे हे सांगत जातो.

पहिला धडा कुळ्यालाच मिळतो. मडगाव, चांदर, सावर्डे असे करत गाडी कुळ्याला येते आणि तिथे रेंगाळते. नवखा प्रवासी घड्याळ पाहू लागतो. पुढे कॅसलरॉकपर्यंत सुमारे २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट असतो आणि त्याचा चढ ३७ मीटरांना एक मीटर असा आहे. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ जाणवणारही नाही. पोलादी रुळावर पोलादी चाक धावते, तेव्हा घर्षण फार कमी असते. सपाटीवर हाच गुण गाडीला थोड्या शक्तीत पुढे नेतो, घाटात तोच वैरी होतो, कारण चाक जागच्या जागी फिरू लागण्याची भीती असते. म्हणून गाडीला मागून आणखी इंजिने जोडली जातात. त्यांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. उतरताना तर याहून अधिक काळजी घ्यावी लागते. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलत नाही. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास ठेवला जातो. रुळाकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर नजर ठेवली, तर दोन दगडांमध्ये साधारण दोन मिनिटे जातात. एवढ्या वेळात जंगलातले एक झाड न्याहाळून होते.

हा मार्ग पोर्तुगीज अमदानीतला. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या कंपनीने मीटरगेजचे काम हाती घेतले आणि १८८८ मध्ये मुरगाव बंदर घाटावरच्या रेल्वेशी जोडले गेले. घाटाला नाव मिळाले ते पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याचे. पुढे कित्येक दशके कुळ्याला पोर्तुगीजांची आणि कॅसलरॉकला ब्रिटिशांची जकात तपासणी होई. जंगलातल्या या दोन लहान स्थानकांमध्ये दोन साम्राज्यांची वेस होती. १९५५ साली भारताने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा हा मार्ग तुटला आणि मुक्तीनंतरच तो पुन्हा जोडला गेला. वडीलधाऱ्यांच्या आठवणीतला गोव्याचा रेल्वेप्रवास म्हणजे मिरजेला गाडी बदलणे, कारण घाटातील रूळ १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच होते. एकेकाळी मिरज हे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारे नॅरोगेज, असे तिन्ही रूळ एकत्र येणारे स्थानक होते. पेट्या-वळकट्या घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्याची ती धांदल आज कोणाला हवीशी वाटणार नाही. मात्र, आपण एका प्रदेशातून दुसऱ्यात आलो, हे त्या धांदलीत अंगाला कळत असे.

घाटात सोनावली, दूधसागर, करंझोळ ही स्थानके लागतात. आसपास वस्ती म्हणावी अशी नाही. बोगद्यातून बाहेर पडताच एका वळणावर दूधसागर समोर येतो. सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारे पाणी आणि त्याच्या ऐन मध्यावरून जाणारा रेल्वेपूल. पावसाळ्यात तुषार खिडकीतून आत येतात आणि डब्यातल्या साऱ्यांचे बोलणे एकदम थांबते. येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. धबधबा पाहण्यासाठी गाडीतून रुळांवर उतरणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. २०२३ च्या जुलैमध्ये रुळांवरून चालत गेलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. धबधबा पाहायला खिडकी पुरते. गाडी तिथून इतक्या सावकाश जाते की, उतरण्याची गरजच नसते.

याच घाटाच्या दुपदरीकरणावरून गोव्यात मोठे आंदोलन झाले. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी थांबावे लागते, हे ‘क्रॉसिंग’ गाड्यांची संख्या मर्यादित ठेवते आणि मुरगाव बंदरातून वर जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्यांची तर फारच. रेल्वेला दुसरा रूळ हवा होता. तो भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांतून जाणार होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. संथ प्रवासाची आवड असणाऱ्याने या वादात आपले सुख पुढे करू नये, असे मला वाटते. आम्हाला करंझोळला वीस मिनिटे थांबून पक्ष्यांचा आवाज ऐकायला आवडतो, हा रूळ एकेरी ठेवण्याचा युक्तिवाद होऊ शकत नाही. तो युक्तिवाद जंगलाचा आहे आणि जंगल पाहिल्याशिवाय तो नीट कळत नाही. घाटातला तासाभराचा संथ प्रवास निदान एवढे तरी करतो.

कॅसलरॉक आले की घाटमाथा आला, असे आपण म्हणतो. पाण्याच्या दृष्टीने मात्र चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. दूधसागरचे पाणी खांडेपार नदीतून मांडवीला, म्हणजे आपल्या म्हादईला मिळते. कॅसलरॉक ओलांडून तिनईघाट, लोंढा या भागात आल्यावरचे ओहोळ काळी नदीकडे जातात आणि कारवारजवळ अरबी समुद्रालाच मिळतात. खरा पाणलोट बदलतो तो खानापूरच्या बाजूला. तिथली मलप्रभा पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. कळसा-भंडुरा प्रकल्पाचा वाद दशकानुदशके आपण वृत्तपत्रांतून वाचतो. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवायचे म्हणजे एका समुद्राचे पाणी दुसऱ्या समुद्राकडे न्यायचे, हे वाक्य नकाशावर कोरडे वाटते. कुळ्याहून खानापूरपर्यंतचे ते काही तास खिडकीत बसून काढले की, या दोन पाण्यांमध्ये किती थोडी जमीन आहे आणि तिच्यासाठी एवढे भांडण का, ते डोळ्यांना दिसते. विमानातून या साऱ्याचा एक हिरवा डाग दिसतो.

बेळगाव येईपर्यंत रात्र झालेली असते. फलाटावर कुंदा विकत घेणारे, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारे, ‘इकडे या, तिकडे जागा नाही’ असे ओरडणारे. स्थानकावरची पाटी कोणत्या भाषेत असावी यावर सीमाभागात पिढ्या झगडल्या. डब्यात आल्यावर मात्र दोन्ही भाषांना बाकाखाली सामान सरकवण्याइतकीच जागा मिळते. पुढे घटप्रभा आणि कुडचीजवळची कृष्णा अंधारातच ओलांडल्या जातात. पुलावर चाकांचा आवाज पोकळ आणि मोठा होतो. झोपेतही माणसाला कळते की खाली पाणी आहे.

आवाजाचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. जुन्या रुळांचा एक तुकडा १३ मीटर लांबीचा असे. दोन तुकड्यांच्या सांध्यावर चाक आले की ‘खट’ असा आवाज होई. ४७ सेकंदांत असे जितके आवाज मोजाल, तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये, असा सोपा हिशेब होता. तेराला ३,६०० ने गुणून हजाराने भागले की ४६.८ येतात, त्यावरून तो निघतो. आता रूळ वितळवून सलग जोडले जातात, त्यामुळे मुख्य मार्गांवर तो ठेका जवळजवळ नाहीसा झाला आहे. स्थानकाबाहेर रूळ बदलताना तेवढा तो ऐकू येतो. प्रवास अधिक सुरक्षित आणि सुखकर झाला हे निर्विवाद. पण लहान मुलांना वेग मोजायला शिकवण्याचे एक फुकटचे साधन गेले.

पुणे पहाटे येते. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. तोवर चहा होई आणि गाडी सुटली की पाठमोरे बसलेले प्रवासी एकाएकी समोर तोंड करून प्रवास करू लागत. आता दौंडबाहेरून वळसा देणारा जोडमार्ग झाल्याने अनेक गाड्यांचा हा खेळ थांबला आहे. उजाडता उजाडता भीमा लागते आणि मनमाडच्या अलीकडे, पुणतांब्याच्या परिसरात, गोदावरी. अहिल्यानगर जिल्ह्याचा उघडा, तांबूस-काळा पसारा आणि मध्येच उसाचे हिरवे पट्टे पाहताना कालव्याचे पाणी कुठपर्यंत पोहोचले आहे, ते कोणी सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत डब्यात एक तात्पुरते गाव वसलेले असते. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच वेळ उघडायचा, हा रेल्वेचा नियम या गावाचा पहिला कायदा. तो मोडणाऱ्याला बाकीचे आधी खोकून आणि मग ‘काका, आता जरा बसू द्या’ असे म्हणून उठवतात. शेजारच्या आजी घरून आणलेले धपाटे कागदावर ठेवून पुढे करतात. नको म्हटले तर ‘अहो, घ्या हो, पुष्कळ आहेत’ हे उत्तर ठरलेले. परक्याकडून खाण्याची वस्तू घेऊ नये अशी उद्घोषणा प्रत्येक स्थानकावर होत असते आणि ती योग्यही आहे. तरी एक रात्र समोरासमोर झोपून काढलेल्या माणसाचे परकेपण थोडे कमी झालेले असते. गाडी जितकी संथ, तितका या ओळखीला वेळ मिळतो. सात-आठ तासांच्या वंदे भारतमध्ये शेजाऱ्याचे नावही कळत नाही, आणि कळावे अशी तिथे कोणाची अपेक्षाही नसते.

भुसावळ सोडल्यावर तापी ओलांडली की महाराष्ट्राची सीमा जवळ येते. बऱ्हाणपूर म्हणजे दख्खनचा दरवाजा. इथून पुढचा मार्ग मराठी माणसाने इतिहासाच्या पुस्तकात अनेकदा वाचलेला असतो. १७६० च्या मार्चमध्ये परतूरहून निघालेले सदाशिवरावभाऊंचे सैन्य बऱ्हाणपूरवरून हंडियाला नर्मदा उतरून, सिरोंजवरून ग्वाल्हेरला पोहोचले तेव्हा मे महिना संपत आला होता. गाडी थोड्या वेगळ्या वाटेने, इटारसी आणि भोपाळवरून जाते आणि बऱ्हाणपूर ते ग्वाल्हेर हे अंतर साधारण अर्ध्या दिवसात कापते. तरीही बैलगाड्या, तोफा, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांच्यासह एवढा मुलूख ओलांडणे म्हणजे काय असेल, याचा अंदाज या खिडकीतूनच येतो. खंडव्यापर्यंत सातपुडा, मग नर्मदेचे रुंद खोरे, मग विंध्याचा चढ. पानिपतावर पोहोचण्याआधीच ते सैन्य किती थकले असेल, हा विचार मला नकाशा पाहताना कधी आला नव्हता.

नर्मदापुरमजवळ गाडी पुलावर येते तेव्हा संध्याकाळ झालेली असते. डब्यातले निम्मे लोक हात जोडतात, काही जण नाणी टाकतात. पलीकडे बुदनीचा घाट आणि रातापाणीचे जंगल. पुन्हा चढ, पुन्हा वेग कमी. सह्याद्रीनंतर सुमारे चोवीस तासांनी हा दुसरा घाट येतो आणि दख्खनचे पठार मागे पडते.

या सुखाला एक मर्यादा आहे, ती सांगितली नाही तर हे सारे लेखन खोटे ठरेल. वर वर्णन केलेला संथपणा आरक्षित बर्थवर बसलेल्याचा आहे. याच गाडीच्या टोकाला असलेल्या सर्वसाधारण डब्यात, शौचालयाच्या दाराशी पथारी टाकून मजुरीच्या शोधात निघालेल्या माणसाला चाळीस तास म्हणजे चाळीस तासच असतात. त्याला क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीत पक्ष्यांचा आवाज ऐकायचा नसतो. संथ प्रवास सुखाचा व्हायला बसायला जागा, प्यायला पाणी आणि उशीर झाला तर परवडेल इतकी सवड लागते. रेल्वेने पहिल्या दोन गोष्टी सर्वांना द्याव्यात. तिसरी तिच्या हातात नाही.

आणि तरी संथ गाड्या गरिबांच्याच राहिल्या आहेत, हेही खरे. त्यांचा इतिहास मराठी संस्थानिकांशी जोडलेला आहे. गायकवाडांच्या बडोदे संस्थानात मियागाम ते डभोई हा देशातला पहिला नॅरोगेज मार्ग १८६२ साली झाला आणि आरंभी डबे बैल ओढत. ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत दोन फूट रुंदीच्या रुळांचे जाळे उभे राहिले. त्यातली ग्वाल्हेर-श्योपूर गाडी सुमारे २०० किलोमीटरला दहा-अकरा तास घेई. डबे भरले की लोक टपावर बसत. २०२० मध्ये ती बंद झाली आणि त्या मार्गावर आता टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज येत आहे. तिला निरोप द्यायला छायाचित्रकार आणि रेल्वेप्रेमी दुरून येत असत, तेव्हा टपावरच्या माणसाला त्यांचे कौतुक कळत नसेल. मुरैना आणि श्योपूरच्या गावांना ब्रॉडगेज हवीच होती. प्रश्न एवढाच असतो की, रुंद रुळांवरची वेगवान गाडी पूर्वीच्या लहान थांब्यांवर थांबते की नाही. गोव्यात आणि कोकणातही थांब्यांची मागणी पुन्हा पुन्हा होते ती याच कारणाने. गाडी गावातून धडधडत जाते आणि थांबत नाही, तेव्हा त्या गावासाठी ती गाडी नसते, फक्त आवाज असतो.

झाशीला रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात आणि ग्वाल्हेर मध्यरात्रीच्या पुढे येते. उशीर झाला तर चिंता करू नये. वेळापत्रक आखताना काही मिनिटे शिलकीत ठेवलेली असतात आणि ती बहुधा शेवटच्या टप्प्यात असतात; म्हणून गाडी अखेरच्या दहा-पंधरा किलोमीटरला कागदावर अर्धा तास घेते आणि तासभर उशिरा धावणारी गाडी पुष्कळदा कमी उशिराने मुक्कामी लागते. ग्वाल्हेरला उतरणाऱ्याला मात्र या शिलकीचा लाभ नसतो. पुढे चंबळ आहे, पण ती तो पाहत नाही. तो लष्करातल्या आपल्या घरी पोहोचून, वाड्याचे दार उघडणाऱ्या आत्याला गोव्याहून आणलेले काजू आणि कोकम देत असतो.

परतीची गाडी निजामुद्दीनहून दुपारी सुटते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वास्कोला येते. नद्या उलट्या क्रमाने लागतात: चंबळ, बेतवा, नर्मदा, तापी, गोदावरी, भीमा. ब्रागांझा घाट पहाटेपूर्वीच्या अंधारात उतरला जातो. ब्रेकचा वास डब्यात येतो, बोगद्यांमागून बोगदे जातात आणि दूधसागर दिसत नाही. तो फक्त ऐकू येतो. कुळ्याला मागची इंजिने सोडवली जातात तेव्हा चहावाला डब्यात चढलेला असतो आणि समोरच्या बर्थवरचे गृहस्थ चष्मा शोधत विचारतात, ‘मडगाव गेले का हो?’